टॉवर पाहायचा तर मे महिन्यात, साडेचार वाजता

“ताई, आपल्या नागपुरात एवढे टॉवर उभे होऊन राहिले, तुम्हाला कसे वाटतात?”

तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढते आहे, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, भाजी घेताना येतो, कॉलेजात शिकवायला गेले की मुलांकडून येतो. विचारणाऱ्यांपैकी काहींनी वर्धा रोडकडे बाराव्या-चौदाव्या मजल्यावर फ्लॅट बुक केलेला असतो, त्यांना ‘छान आहेत’ एवढंच ऐकायचं असतं. काहींनी धरमपेठेतला नाहीतर लक्ष्मीनगरातला आईवडिलांचा बंगला नुकताच बिल्डरला दिलेला असतो, आणि मी त्यांच्याबरोबर थोडं हळहळावं अशी त्यांची अपेक्षा असते. दोघांनाही उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहिते आहे.

उंचीशी माझं भांडण नाही. शहर बेसा, बेलतरोडी, हिंगण्याच्या शेतांवर आडवं पसरत गेलं की पाण्याची लाइन, सांडपाण्याची गडर, बस, शाळा सगळ्यांना त्याच्या मागे धावत जावं लागतं. माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहिली तर जमीन वाचते, चालत दुकानात जाता येतं. मी टॉवरकडे बघते ते एका गोष्टीसाठी: मे महिन्यात दुपारी साडेचार वाजता ही इमारत स्वतःवर सावली धरते का?

२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या आठवड्यात मी साइटवर होते. नव्या स्लॅबवर मारलेलं पाणी बघता बघता उडून जात होतं आणि मजूर सकाळी सहाला काम सुरू करून अकराला थांबत होते. ते वर्ष वेगळं होतं हे खरं, पण नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक दिवस, दरवर्षीच येतो, आणि त्याच दिवसांत, २६ मेच्या सुमाराला, नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी बाराच्या थोडं पुढे सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी गोळा होते. त्या वेळी भिंतींना फारसं ऊन लागत नाही, सगळा मार गच्चीवर असतो. भिंतींची पाळी नंतर येते. साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर उतरलेला असतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर जवळजवळ समोरून आदळतो. खिडकीवरच्या दोन फुटांच्या छज्ज्याची सावली तेव्हा खाली जेमतेम सव्वा फूट पडते. बाकीची काच उघडी. सहाला तर छज्जा असून नसल्यासारखाच.

हे सगळं महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या वाड्यात कोणी आकडे मांडून सांगितलं नव्हतं. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या वाड्याची सावली आमच्या दारावर आणि आमची त्यांच्या. मधे चौक. दुपारी आजी खसच्या ताट्यांवर तांब्यातांब्याने पाणी मारायची आणि माजघरात ओल्या गवताचा वास भरायचा. त्या घरात अंधार होता, संडास लांब होता, बायकांना उठबस फार होती. मला तो वाडा परत नको आहे. पण त्या वस्तीत एकही भिंत एकटी उन्हात उभी नव्हती. आजचा टॉवर चारी बाजूंनी मार्जिन सोडून, रिकाम्या ले-आउटमध्ये एकटा उभा राहतो. त्याला शेजारी सावली देणारं कोणी नाही, म्हणजे ती त्याने स्वतःच तयार करायला हवी. उंच इमारतीचं नागपुरातलं पहिलं काम हे आहे, आणि नेमकं तेच नकाशातून आधी गळतं.

गळतं कसं, तेही सांगते, कारण माझ्या हातून गळलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी दक्षिण नागपुरातल्या एका टॉवरचं काम माझ्याकडे होतं. प्लॉटचं लांब अंग पश्चिमेला रस्त्यावर, त्यामुळे निम्म्या फ्लॅटांचे हॉल पश्चिमेला येणं भाग होतं. मी तिथे सहा फूट खोल गॅलरी काढली. सहा फुटांची गॅलरी साडेचारला साडेतीन फूट सावली देते, सूर्य आणखी उतरला की खालचा तीन फूट भरीव कठडाही काही ऊन अडवतो, मधल्या पट्ट्यासाठी तिरप्या झडपा. बिल्डरने नकाशा नीट पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, याच्यात कार्पेट वाढत नाही आणि गिऱ्हाइकाला दिसत पण नाही. एलिव्हेशन भारी पाहिजे.” कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, एलिव्हेशन म्हणजे इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप. तीन बैठका झाल्या. गॅलरी साडेतीन फुटांवर आली, भरीव कठड्याच्या जागी काच आली, झडपा ‘नंतर बघू’ मध्ये गेल्या, आणि हॉलला जमिनीपासून छतापर्यंत सरकती काच बसली. बाहेरच्या भिंती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या. काम झपाट्याने होतं, प्लास्टर वाचतं, पण तेवढ्याच जाडीच्या विटेच्या भिंतीपेक्षा ती भिंत उष्णता जास्त आत सोडते. मी सही केली. करायला नको होती.

ताबा मिळाल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच सोसायटीतल्या एका काकूंचा फोन आला. गेले. त्यांनी पाणी दिलं, सोफ्यावर बसवलं आणि म्हणाल्या, “तुम्हीच काढला न हा नकाशा? मग पाच वाजेपर्यंत इथंच बसून दाखवा बरं.” आवाज चढवला नाही. मी बसले. काचेवर वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. पाठीमागच्या भिंतीला हात लावला तर चटका बसला. रात्री अकरापर्यंत ती भिंत तशीच असते म्हणाल्या, लाइट गेली की नातवाला घेऊन खाली पार्किंगमध्ये जाऊन बसतात. चौदाव्या मजल्यावर हवा मिळेल म्हणून घेतलेलं घर.

बाहेर येऊन मी त्या भिंतीकडे वर बघितलं. लोकांनी माझी इमारत स्वतःच दुरुस्त करायला घेतली होती. हिरव्या जाळ्या, बांबूच्या चटया, प्लायचे तुकडे, आणि खिडक्यांना लटकवलेले लोखंडी स्टँड, त्यांवर कूलर. विचारणारे पुष्कळदा म्हणतात की या जाळ्यांनी आणि कूलरांनी टॉवर विद्रूप होतात. मला त्यात रहिवाशांचा दोष दिसत नाही. नागपुरात कूलर असणारच. इथला मे कोरडा असतो, कोरड्या हवेत ओल्या ताटीतून आलेला वारा खरोखर गार लागतो, आणि वीज एसीच्या मानाने फारच थोडी लागते. आजीच्या ताटीलाच मोटर बसवली असं समजा. पण कूलरला बाहेरची हवा लागते, टाकीत पाणी लागतं, ताट्या बदलायला माणसाचा हात पोहोचेल अशी जागा लागते, आणि आत ढकललेली हवा बाहेर पडायला समोर उघडी खिडकी लागते. या शहरातल्या किती टॉवरांच्या नकाशांत कूलरची जागा दाखवलेली असते? मी पाहिलेल्यांत बोटांवर मोजण्याइतक्या. ओतीव काँक्रीटच्या भिंतीत मागाहून सहजासहजी भोकही पाडता येत नाही, मग बाराव्या मजल्यावर कोणीतरी खिडकीबाहेर अर्धं अंग काढून स्टँडचे बोल्ट आवळतं. ते बघताना माझ्या पोटात गोळा येतो.

पश्चिमेकडे तोंड असलेला टॉवर चांगला होऊच शकत नाही असं मात्र नाही. मुंबईत कंबाला हिलवर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही इमारत आहे, १९८३ ची, फक्त ३२ फ्लॅटांची. तिथे पेच मोठा होता: वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण तिखट ऊन आणि झोडपणारा पाऊसही तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून वर नेला, घराच्या खोल्या आत घेतल्या आणि कोपऱ्यांत दोन मजले उंच गच्च्या कोरल्या. लांबून बघताना त्या इमारतीच्या भरीव अंगातले ते खोल अंधारे चौकोनच आधी दिसतात. तिचं रूप सावलीनेच घडलं आहे. ती श्रीमंतांची इमारत आहे, तेवढी जागा आपल्याकडे परवडणार नाही, हे मला मुलं दरवेळी ऐकवतात आणि ते बरोबर आहे. मी त्यांना एवढंच सांगते की सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सरकारी बंगल्यांचा व्हरांडा बघून या आणि तो दोन बेडरूमच्या फ्लॅटला कितीत बसतो ते काढून आणा. सहा फुटांत बसतो.

आता थोडं पायथ्याबद्दल. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा पट्टा आहे. तिथून मेट्रोने जाताना टॉवरचे जे मजले पूर्वी मान वर करून बघावे लागायचे, ते खिडकीसमोर येतात, आणि दिसतं काय, तर पार्किंग. तीन-तीन, चार-चार मजले जाळीमागच्या गाड्या. पार्किंग वर नेण्यामागे कारण आहे, ते मी नाकारत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली, त्यानंतर तळघर खणा असं मी तरी नदीजवळ कोणाला सांगणार नाही. पण त्या मजल्यांच्या रस्त्याकडच्या अंगाला एक दहा-बारा फुटांची पट्टी दुकानांना, दवाखान्याला, शिकवणीच्या वर्गाला देता येते. ती दिली नाही की फुटपाथवरून चालणाऱ्याच्या वाट्याला शंभर फूट लांब मुकी भिंत येते आणि संध्याकाळनंतर तिथून एकटी मुलगी जायला बिचकते. धरमपेठेच्या जुन्या गल्ल्यांत कंपाउंडवरून बाहेर झुकलेला कडुनिंब असायचा, ती सावली रस्त्याची होती. बंगला पाडताना झाड जातं आणि त्याच्या जागी पार्किंगचा रॅम्प येतो. डिसेंबर २०२० च्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीने उंची आणि चटई क्षेत्र दोन्ही सैल केलं. त्यावर माझं फारसं म्हणणं नाही, नियम पाळूनही चांगली इमारत काढता येते.

डोक्याबद्दल त्याहून कमी बोलते. विमानतळ शहराला अगदी चिकटून आहे, त्याच्या आसपास उंचीला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे दक्षिणेला टॉवर एका रेषेत कापल्यासारखे दिसतात. त्याची भरपाई म्हणून माथ्यावर खोटे घुमट आणि रात्री निळे-जांभळे दिवे लावण्याची हौस वाढली आहे. आपल्या शहराला घुमट ओळखता येतो. दीक्षाभूमीचा स्तूप शिव दान मल यांनी काढला, १२० फूट व्यास आणि १२० फूट उंची, आतून संपूर्ण पोकळ. उंचीने तो बारा मजली इमारतीएवढा आहे, आणि मी आजवर कोणाकडूनही तो अंगावर येतो असं ऐकलेलं नाही. आत शिरलं की बाहेरची आग विसरायला होते. हायकोर्टाची १९४० ची इमारत घ्या, नवी दिल्ली रचणाऱ्या लुटेन्सच्या काळात तिथे काम केलेल्या हेन्री मेड यांची. घुमट तिथेही आहे, पण खालचं दगडी अंग एवढं समतोल आहे की तो वरून आणून ठेवलेला वाटत नाही. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली नीट झाकली, तर टॉवरला माथ्यावर आणखी काही लागत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, जो बहुतेक जण शेवटी हळूच विचारतात: घ्यायचा की नाही? सॅम्पल फ्लॅट रविवारी सकाळी एसी लावून दाखवतात. तुम्ही मे महिन्यात साडेचारला जा, तुमच्याच मजल्यावर, तुमच्याच बाजूला. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. गॅलरीत खुर्ची टाकून दहा मिनिटं बसता येतं का बघा. कूलर कुठे ठेवायचा आणि त्यात पाणी कोण कसं भरणार ते विचारा. समोरासमोर दोन खिडक्या उघडून हवा फिरते का बघा. उन्हाळ्यापर्यंत थांबायला वेळ नसेल तर होकायंत्र घेऊन जा, मोबाइलमध्ये असतंच.

त्या काकूंच्या सोसायटीत मी परत गेले, यावेळी फी न घेता. काचेबाहेर तिरप्या झडपांची चौकट आणि शेजारी कूलरसाठी जाळीचा कट्टा, स्लॅबला धरून, आतून हात पोहोचेल असा, एवढंच काढून दिलं. खर्चावरून सभा दोनदा तहकूब झाली. तिसऱ्यांदा ठराव पास झाला, पण काम ज्याने त्याने आपल्या पैशाने करायचं असं ठरलं. आतापर्यंत नऊ फ्लॅटांना झडपा बसल्या आहेत. काकूंची चौकट मार्चमध्ये लागली. मेमध्ये त्यांनी फोन करून बोलावलं, सोफा त्याच भिंतीला होता. पाच वाजेपर्यंत बसलो, चहा झाला, नातू जमिनीवर चित्र काढत होता आणि त्याच्या कागदावर झडपांच्या सावलीच्या रेघा पडल्या होत्या. निघताना त्या म्हणाल्या, “वरच्या मजल्यावरच्या त्या दोघांना पण सांगा न, ते ऐकून नाही राहिले.” पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे जायचं आहे.