आमची वाटचाल: कथेतले झाड कापडावर उतरताना

लोककथांतील जादुई वनस्पती भरतकामातून कापडावर उतरवण्याचा व्यवसाय आम्ही दोघी मैत्रिणींनी बारा वर्षांपूर्वी सुरू केला, तेव्हा एकीच्या हातात सुई होती, दुसरीच्या हातात हिशेबाची वही होती आणि दोघींच्या डोक्यात एकच चुकीची समजूत होती. कथा चांगली असली की काम चांगले होणारच, असे आम्हांला वाटत असे. त्या काळातली आमची भित्तिवस्त्रे आज पाहिली, तर वेलबुट्टी नीटस दिसते. परंतु खालची नावाची पट्टी काढून टाकली, तर संजीवनी कोणती आणि कल्पवृक्ष कोणता, हे आम्हांलाही सांगता येणार नाही.

ही समजूत पहिल्यांदा मोडली ती मँड्रेकमुळे. या वनस्पतीचे मूळ दुभंगून माणसाच्या आकाराचे होते, ते उपटताना किंचाळते आणि ती किंकाळी ऐकणारा मरतो, म्हणून ते दोरीने कुत्र्याला बांधून उपटावे, अशी युरोपातली जुनी कथा आहे. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये तयार झालेल्या आणि आता व्हिएन्नात असलेल्या डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या वनौषधिग्रंथाच्या हस्तलिखितातही हे मूळ आणि तो बिचारा कुत्रा चितारलेला आहे. आम्ही आधी हुबेहूब माणूसच भरला आणि तो बाहुलीसारखा दिसू लागला. पुढे वाचनात आले की, मँड्रेक धोतऱ्याच्याच कुळातला असून त्याच्या मुळातल्या द्रव्यांनी खरोखरच गुंगी आणि भ्रम होतो. भीतीला आधार होता तर! मग आम्ही नाकडोळे उसवले, मुळाला केवळ दोन फाटे ठेवले आणि टोकांचे धागे न कापता कापडाखाली लोंबते सोडले. जमिनीतून नुकतेच ओढून काढल्याचा भास त्या लोंबत्या धाग्यांनी झाला. तेव्हापासून कथेमागचे खरे रोप समजून घेतल्याशिवाय कापड चौकटीवर ताणायचे नाही, हा आमचा नियम आहे.

रंगांच्या बाबतीत मात्र हा नियम आम्हांला फार उशिरा सुचला. मंतरलेल्या अरण्याचे एक मोठे काम आम्ही मोठ्या हौसेने केवळ वनस्पतिजन्य रंगांत केले होते. झाडापासून थेट पक्का हिरवा रंग सहसा मिळत नाही. धागा निळीत आणि पिवळ्या रंगात असा दोनदा बुडवावा लागतो. आम्ही पिवळ्यासाठी हळद वापरली. वर्षभराने ग्राहकाचा निरोप आला की, अरण्य निळे पडले आहे. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, ही गोष्ट रंगारी नसलेल्या माणसालाही ठाऊक असते आणि आम्ही ती विसरलो होतो. ते काम परत घेऊन पाने उसवून पुन्हा भरण्यात अडीच महिने गेले, त्याचे पैसे अर्थातच कोणाकडे मागता येणार नव्हते. पुढे कळले की, युरोपातल्या कित्येक जुन्या विणलेल्या पडद्यांवरची पानेही अशीच पिवळा रंग उडून निळसर झाली आहेत. सोबतीला मोठे लोक आहेत एवढेच समाधान! आता आम्ही पिवळ्यासाठी तुरटी दिलेल्या धाग्यावर डाळिंबाच्या सालीचा रंग चढवतो आणि रंगवलेल्या धाग्याच्या प्रत्येक नव्या खेपेचा एक नमुना अर्धा झाकून खिडकीत ठेवतो.

निळीबद्दल आमची तक्रार नाही. धागा निळीच्या पिंपातून बाहेर येतो तेव्हा पिवळट हिरवा असतो आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळा होत जातो. आमच्याकडे नवी आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या दिवशी हे पाहून बाकीच्यांना हाका मारते.

ग्राहक सर्वाधिक मागणी करतात ती नेचाच्या, म्हणजे फर्नच्या, फुलाची. पूर्व युरोपातल्या स्लाव्ह आणि बाल्टिक लोककथांमध्ये हे फूल उन्हाळ्याच्या मध्यावरच्या एका रात्री क्षणभर उमलते आणि ज्याला सापडते त्याला पुरलेले धन दाखवते. वास्तविक नेचाला फूल येतच नाही. त्याच्या पानांच्या पाठीवर बीजाणूंचे तपकिरी ठिपके असतात. म्हणून आम्ही गडद निळ्या कापडावर पाने भरतो, ठिपक्यांच्या जागी गाठींचे टाके घालतो आणि फुलाच्या जागी काहीच भरत नाही. तेथले उभेआडवे धागे ओढून काढून बारीक जाळी करतो. कापड भिंतीवर असताना ती जाळी दिसत नाही, उजेडासमोर धरले की फूल उमटते. फूल विसरलात का, असे विचारणारे ग्राहक अजूनही भेटतात.

यंत्रावर भरतकाम करून घेण्याचा सल्ला आम्हांला वारंवार मिळाला. उशांच्या अभ्र्यांसाठी तो आम्ही मानला आणि त्या मिळकतीवरच मोठी कामे उभी राहतात, हे लपवण्याचे कारण नाही. मोठ्या कामांत मात्र टाक्यांची दिशा पानागणिक बदलते आणि ती भरणाऱ्या हातानेच ठरवावी, असे आमचे मत आहे.

सध्या आम्ही पाच जणी मिळून तार्तार देशीच्या, म्हणजे मध्य आशियाकडच्या, ‘वनस्पती-कोकरा’वर काम करत आहोत. देठाच्या टोकाला जिवंत कोकरू धरते, ते देठाला बांधलेलेच राहून भोवतीचे गवत खाते आणि गवत संपले की मरते, अशी ही मध्ययुगीन कथा. झाडाला लोकर लागते, असे हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने त्याआधी कितीतरी शतके भारताविषयी लिहिले होते; त्याच्या डोळ्यांपुढे कापूसच होता. कोकराची कथाही कापसाच्या ऐकीव वर्णनातून वाढली असावी, असे एक मत आहे. जर्मन भाषेत तर आजही कापसाला ‘झाडाची लोकर’ अशाच अर्थाचा शब्द आहे. त्यामुळे या कामात लोकरीचा एकही धागा नाही. कोकराचे अंग न कातलेल्या कापसाच्या पेळूंचे असून ते बारीक सुती धाग्याने कापडावर जागोजाग बांधले आहे. काही ठिकाणी सरकीही तशीच ठेवली आहे. भोवतीच्या गवताचे टाके कोकराच्या तोंडापासून बाहेरच्या बाजूला दाट होत जातात. मान पोहोचेल तेथवरचे गवत भरायचे की तेवढे कापड कोरे ठेवायचे, यावर गेले दोन आठवडे आमच्यात वाद चालू आहे.