भिंतीमागची लाट

ऑरलँडो, २४ मे २०१७

उद्या, गुरुवारी, युनिव्हर्सलचे ‘व्होल्कॅनो बे’ हे वॉटर पार्क लोकांसाठी खुले होत आहे. आय-फोर महामार्गावरून कचेरीला जाता-येता त्याचा दोनशे फुटी कृत्रिम ज्वालामुखी, क्राकाटाऊ, उभा राहताना मी पाहिला आहे. लेकीला तिथल्या प्रत्येक घसरगुंडीची उंची तोंडपाठ आहे. मला मात्र, बरीच वर्षे पंपांच्या कामात गेल्यामुळे असेल, पाण्याला कोण ढकलते आणि कशाने, याचीच उत्सुकता अधिक वाटते. नेमका तोच भाग या मंडळींनी डोंगर रचून झाकून टाकला आहे.

लाटांच्या तलावाची कल्पना तशी जुनी. बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहात १९२७ पासून असा तलाव आहे. आजच्या बहुतेक तलावांत खोल बाजूच्या भिंतीमागे बंद कप्प्यांची रांग असते. मोठे पंखे कप्प्यात हवा कोंबतात, आतल्या पाण्याची पातळी दबते आणि ते पाणी भिंतीखालच्या फटीतून तलावात शिरते. मग झडप उघडून हवा सोडली की ते परत आत येते. हा श्वासोच्छ्वास ठरावीक तालात चालू ठेवला की लाट तयार होते, आणि पुढे तळ उथळ होत गेल्यामुळे ती उंचावून फुटते. सगळे कप्पे एकदम चालवले तर लाट सरळ येते, आळीपाळीने चालवले तर ती तिरपी येते किंवा दोन लाटा एकमेकींना छेदून चौकड्या उमटतात. जवळच्याच डिस्नेच्या ‘टायफून लगून’ची रीत निराळी आहे: तिथे पाणी वर साठवून एकदम सोडतात आणि सुमारे सहा फुटांची एकच धिप्पाड लाट अंगावर येते. व्होल्कॅनो बेच्या ‘वाटुरी बीच’ या लाटांच्या तलावात लाटा अनेक दिशांनी येतील असे जाहीर झाले आहे. ते खरे असेल, तर तळाचा आकार आणि कप्प्यांचा क्रम कसा जुळवला आहे हे पाण्यात उभे राहून ओळखायचा माझा विचार आहे.

‘क्राकाटाऊ अ‍ॅक्वा कोस्टर’ या चढ-उतारांच्या घसरगुंडीबद्दल त्याहून अधिक कुतूहल आहे. चार जणांची होडी चढावर न्यायची, तर पूर्वी पाण्याचे जोरदार फवारे मारून ढकलत. १९९०च्या दशकात टेक्ससमधील न्यू ब्राउनफेल्सला तसे फवारे लागले. पण बसणाऱ्यांचे वजन बदलले की होडीचा वेगही बदलतो. गेल्या ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीतील १६८ फुटांहून उंच घसरगुंडीच्या दुसऱ्या उंचवट्यावर तराफा हवेत उडाला आणि दहा वर्षांचा मुलगा दगावला. तेव्हापासून वेगाचा हिशेब मला केवळ आकडेमोड वाटत नाही. क्राकाटाऊवर मात्र रेषीय प्रेरण मोटर आहे, म्हणजे आमच्या पंपाचीच मोटर उलगडून सपाट केलेली. पन्हळीखालच्या तारेच्या वेटोळ्यांत चुंबकीय क्षेत्र पुढे सरकते, होडीच्या तळाच्या धातूच्या पत्र्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि होडी वर ओढली जाते. चढाचे काम अशा रीतीने विजेकडे गेल्यामुळे पाण्याला फक्त घर्षण कमी करायचे उरते.

‘टापू टापू’ नावाच्या मनगटी पट्टीचा मात्र फारच गाजावाजा चालू आहे. घसरगुंडीपाशी ती टेकवायची, आपली पाळी आली की ती कळवते. रांग दिसणार नाही एवढेच. माणसे तेवढीच आणि होड्याही तेवढ्याच असताना वाट पाहणे कुठे जाणार?

१९७७ साली जॉर्ज मिले यांनी याच शहरात सुरू केलेले वॉटर पार्क ‘वेट ’न वाइल्ड’ गेल्या ३१ डिसेंबरला बंद झाले, तेव्हा लेक रुसली होती, कारण लाटेखाली जाऊन वर यायला ती तिथेच शिकली. आता “बाबा, तू उद्याच चल” असा तिचा हट्ट आहे. परंतु नवी झडप, नवे पंखे, नवी नियंत्रणप्रणाली यांना सुरुवातीचे काही आठवडे सुरळीत व्हायला लागतातच, शिवाय सोमवारच्या मेमोरियल डेच्या सुट्टीची गर्दी आहे. म्हणून जूनच्या मध्यातल्या एका मंगळवारची तिकिटे काढली आहेत, आणि तिने माझ्याशी बोलणे टाकले आहे.