टॅब दाबला आणि दुपार गेली

जतच्या शाखेत एक नवं मशीन लावायचं, एवढंच काम होतं. सांगलीहून सकाळच्या एसटीने गेलो, दुपारच्या गाडीने परत यायचं ठरवून. पतसंस्थेच्या बाकी मशीनना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, डीएचसीपीतून आपोआप मिळायचा. कॅश काउंटरच्या मशीनला मात्र स्टॅटिक, म्हणजे हाताने भरलेला कायमचा, द्यायचा होता, कारण सांगलीच्या मुख्य कार्यालयातला सर्व्हर ठरलेल्या आयपीलाच आत घ्यायचा.

१०.१.२.२५ टाकला, टॅब दाबला, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) १०.१.२.१, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारा), ओके. प्रिंटरवर टेस्ट पान निघालं. इंटरनेटही चालू. फक्त सॉफ्टवेअर म्हणत होतं, सर्व्हर सापडत नाही.

सर्व्हर १०.१.१.१० वर. शेजारच्या मशीनवरून पिंग, म्हणजे पोचतंय का बघायची हाक, व्यवस्थित जात होता. मी केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, फायरवॉल बंद करून पाहिली. कॅशियर मॅडम म्हणाल्या, "अहो, लोक खोळंबलेत. जुनंच जोडा ना परत."

नव्या मशीनवरच्या पिंगचं उत्तर नीट वाचलं असतं तर तेव्हाच उमगलं असतं. तिथे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' नव्हतं, 'रिप्लाय फ्रॉम १०.१.२.२५: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' होतं. १०.१.२.२५ म्हणजे हेच मशीन! राउटरपर्यंत पॅकेट गेलंच नव्हतं. शेवटी सरांना फोन लावला.

"सबनेट मास्क वाच."

"२५५.०.०.०."

"तू टाकलास?"

मी टाकलाच नव्हता. टॅब दाबल्यावर विंडोजने आपणहून भरला होता. मास्क सांगतो पत्त्यातला कुठला भाग नेटवर्कचा आणि कुठला मशीनचा: २५५ तिथे नेटवर्क, ० तिथे मशीन.

आमच्या नेटवर्किंगच्या क्लासमध्ये आयपीचे क्लास, म्हणजे पहिल्या आकड्यावरून पाडलेले पत्त्यांचे वर्ग, पाढ्यासारखे पाठ करून घेतले होते: ए १ ते १२६, बी १२८ ते १९१, सी १९२ ते २२३. इंटरव्ह्यूत विचारतात म्हणून. लॅबमध्ये सगळं १९२.१६८ चं असायचं, म्हणजे क्लास सी. टॅब दाबला की २५५.२५५.२५५.० यायचं, आणि तेच हवं असायचं. त्यामुळे मास्ककडे बघायची सवयच लागली नाही.

इथे आकडा १० ने सुरू होत होता, म्हणजे क्लास ए: पहिला आकडा नेटवर्कचा, उरलेले तीन मशीनचे. अशा एका नेटवर्कात १,६७,७७,२१४ पत्ते मावतात. माझ्या मशीनच्या लेखी सांगलीचा सर्व्हर याच खोलीत होता. ते गेटवेकडे न जाता खोलीतच हाका मारत बसलं, "१०.१.१.१० कोण आहे रे?" प्रिंटर खरोखर खोलीतच होता, म्हणून चालला. इंटरनेटचे पत्ते १० च्या बाहेरचे, म्हणून ते गेटवेने गेले. अडकला तो फक्त सर्व्हर.

मास्क २५५.२५५.२५५.० केला आणि लॉगिनचं पान उघडलं. दुपारची गाडी तोवर गेली होती.

स्टँडवर बसल्या बसल्या सरांना पुन्हा फोन केला. आयपीचे क्लास बंद झाले असं पुस्तकात आहे, मग हे काय? सर म्हणाले, "१९८१ साली ठरलं तेव्हा मास्क वेगळा सांगायची पद्धत नव्हती. राउटर पत्त्याचे पहिले बिट बघायचा: शून्य असेल तर ए, एक-शून्य असेल तर बी, एक-एक-शून्य असेल तर सी. विंडोजचा अंदाज अजून त्यावरूनच." तेव्हा कुठे १२८ आणि १९२ हे आकडे आले कुठून ते कळलं. आकडा आठ बिटांचा; पहिला बिट १ झाला की १२८, पहिले दोन झाले की १९२. पाठ करायची गरजच नव्हती. (१२७ स्वतःशीच बोलण्यासाठी राखीव, म्हणून ए १२६ लाच थांबतो.)

गैरसोय मधल्यांची झाली. तीनशे मशीनच्या संस्थेला सी पुरत नाही, त्यात २५४ च. बी घ्यावा तर ६५,५३४, बाकीचे वाया. क्लास बी संपत आले आणि १९९३ मध्ये सीआयडीआर आलं, म्हणजे मास्क हवा तिथे कापा. आधी ज्यांनी मोठे तुकडे घेतले त्यांची मात्र चंगळ. १७ ने सुरू होणारा अख्खा क्लास ए आजही अ‍ॅपलकडे आहे.

रात्री घरी लॅपटॉपवर आयपी भरायची तीच जुनी खिडकी उघडून बसलो. ९ टाकून टॅब: २५५.०.०.०. १३० टाकून टॅब: २५५.२५५.०.०. २००: २५५.२५५.२५५.०. १२७ घेतलाच नाही. २२४ टाकला, कारण तिथून मल्टिकास्टचा (एकाच वेळी अनेकांना पाठवायचा) क्लास डी सुरू होतो, तर एक चौकट उघडली: १ ते २२३ मधलाच आकडा द्या.