दुधाचा खाडा

कराडच्या आमच्या घरात, फडताळाशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय असायचं आणि त्याच खिळ्याला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन. ते पेन आजीचं. शाळेची वही पुढ्यात घेऊन पेन शोधत घरभर फिरलात तरी त्याला हात लावायचा नाही. एकदा आत्यानं त्या पेनानं हातावर मेंदीची नक्षी गिरवली, त्याचा उद्धार पुढं तिच्या लग्नापर्यंत चालू होता.

जयंत साळगावकरांनी कालनिर्णय काढलं १९७३ साली. आजीला त्यातलं राशिभविष्य नको असायचं, मागच्या पानावरचे लेखही नकोत. तिला लागायच्या त्या चौकटी. चौकटीत तारीख, तिथी, नक्षत्र, सण हे सगळं छापूनही जी जागा उरायची, तिच्यावर आजीचा हक्क. दूधवाल्याचा हिशेब हे मूळ कारण. दूध आलं तर लिटरचा आकडा, नाही आलं तर फुली. महिनाअखेरी दूधवाला दारात उभा राहून म्हणायचा, "काकू, दोनच खाडे झाले." आजी पान उलगडून त्याच्यासमोर धरायची. पुढं बोलणं व्हायचं नाही.

मग दुधाच्या आकड्याशेजारी हळूहळू बाकीचं येत गेलं. "गॅस लावला." "चक्की बंद." "धाकटी बाळंत, मुलगी." "पाऊस नाही." सलग आठ दिवस "पाऊस नाही" अशीही पानं आहेत. आजीचं माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या बाजूचं. कराडला कृष्णा-कोयना दाराशी वाहत असल्या तरी पावसाची काळजी तिनं माहेराहून आणलेली होती. १९७२च्या दुष्काळात तिचे भाऊ-भावजय पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि सुकडी खाऊन दिवस काढायचे. लाल मिलोच्या, म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, भाकरीचं नाव काढलं तरी ती तोंड वाकडं करायची, आणि आम्ही ताटात भाकरीचा तुकडा टाकला की त्या मिलोचंच नाव काढायची.

तिची शाळा तिसरीत सुटली. अक्षर मोठं, गोल, वेलांट्या लहरीवर. पण मला त्या नोंदींचं खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. सगळं एकाच मापाच्या अक्षरात. गॅस, बाळंतपण, लोणच्याची फोडणी, कुणाचा साखरपुडा, सगळं सारखंच. आजोबा गेले त्या दिवशीच्या चौकटीत लिहिलंय, "हे गेले. पहाटे." आणि त्याच्या खाली, "दूध ४ लि." माणसं आली होती, चहा लागला असणार. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला राग आला होता, इतका कोरडेपणा कशाला म्हणून. आता तसं वाटत नाही. घरात रडारड चालू असताना दुधाचा आकडा कुणीतरी लिहायलाच हवा होता, आणि ती उठली. दुसऱ्या दिवशीची चौकट मात्र कोरी आहे. दूध आलं की नाही, हेही नाही.

स्वतःबद्दल तिनं जवळजवळ काही लिहिलं नाही. ताप, गुडघे, पडणं, काही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाची तेवढी नोंद आहे, "डोळा उजवा." मग काही रिकाम्या चौकटी, आणि मग एकच शब्द, "दिसतं."

तिच्या वाढदिवसाचीही तीच गत. शाळेच्या दाखल्यावर १ जून. त्या काळच्या गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातलंय, त्यातलीच ती. खरा दिवस तिच्या आईच्या हिशेबानं शिंगणापूरच्या यात्रेतला, कावडी मुंगी घाट चढत होत्या तो, म्हणजे चैत्र शुद्ध द्वादशी. साल कुणालाच ठाऊक नाही. तिचं सगळं कालमापन असंच होतं. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७ला, तेव्हा वडील अंगावर पीत होते. भांडी फळीवरून पडली त्या आवाजानं पोरगं रडलं नाही, पण नंतर अंगणात थंडीनं रडलं, हे ती त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या दिवशीही पाहुण्यांना सांगत होती. तारीख सांगायची नाही. म्हणायची, "मार्गशीर्षातली थंडी, आणि ह्याला टोपडं नाही."

आजी गेली २०२३च्या अधिक श्रावणात, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या रात्री चंद्रोदयाची वेळ चष्मा लावून स्वतः बघितली होती, उपास सोडला होता, आणि मोदकात मीठ कमी पडल्याचं आईला सांगितलं होतं. सकाळी उठलीच नाही. धोंड्याचा महिना तिचा लाडका. जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं म्हणून तांदूळ भिजवून, कुटून, गुळात मळलेलं पीठ तिनं डब्यात भरून ठेवलेलं होतं. ते तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी पंचाईत झाली. अधिक महिना दरसाल येत नाही, मग वर्षश्राद्ध करायचं कधी? काका म्हणाले तारखेनं करू, वडील म्हणाले तिथीनंच. दोघं तासभर वाद घालत बसले, आणि असल्या प्रश्नांचं उत्तर द्यायला घरात जे एक माणूस असायचं, तेच नव्हतं. शेवटी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, अधिकात गेलेल्या माणसाचं पुढच्या वर्षी नेहमीच्या श्रावणात, त्याच तिथीला करा. वडिलांनी "बघ, मी म्हणत होतो" असा चेहरा केला. काका म्हणाले, "आईनं हे फुकटात सांगितलं असतं."

वर्षश्राद्ध आटोपल्यावर आत्यानं फ्रिजच्या तळातून तो डबा काढला. गुळाचं पीठ, वर्षानंही वास नाही आला त्याला. खसखशीवर थापून तिनं अनारसे तुपात सोडले आणि पहिलाच हसला, म्हणजे तुपात विरून फुटला. दुसराही. आत्याचं तोंड उतरलं. पीठ कोरडं पडलंय, थोडं केळं घाला, तूप जास्त तापलंय, असे सगळ्या बाजूंनी सल्ले सुरू झाले. त्यातले निम्मे पुरुषांचे, ज्यांनी जन्मात अनारसा थापलेला नाही. तिसऱ्यापासून कसेबसे जमले. तेहेतीस काही भरले नाहीत. वडिलांना साखरेचा आजार आहे, पण तळाशी बसलेला हसलेल्या अनारशांचा चुरा ते झाऱ्यानं काढून वाटीत घेत होते आणि आत्याला सांगत होते, "तुपाचं काय ते तू बघ. चव तिचीच आहे."