तुम्ही विचारलंत म्हणून: शुगरवाल्यांना चालतात काय?

भिशीत विचारतात, लग्नात जेवायला बसल्यावर विचारतात, परवा बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना एका काकूंनी हात धरून विचारलं, "तू ती नाचणीची बिस्किटं करतीस न्हवं, ती शुगरवाल्यांना चालतात काय ग?" मी नाही म्हणते. की लगेच, "मग इतके दिवस हेल्दी हेल्दी म्हणून कशाला सांगत होतीस?" पहिल्या प्रश्नाचा आता कंटाळा आलाय. दुसरा लागतो, कारण त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी त्यात काय असतं ते सांगते, लपवण्यासारखं काही नाही. खानापूरकडची नाचणी आणून दळलेलं पीठ १५० ग्रॅम, गव्हाचं ७५, किसलेला गूळ १००, तूप १००, वेलची, चिमूटभर मीठ, मिळून आलं नाही तर दोन चमचे दूध. बास. नाचणीचं पीठ आधी मंद गॅसवर सात-आठ मिनिटं कोरडं भाजायचं, कच्चा वास जाईपर्यंत, ते टाळलं तर बिस्किट मातीसारखं लागतं. गहू घालायलाच लागतो, पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नाचणीत नसतं, नुसत्या नाचणीचं बिस्किट उचललं की हातात भुगा. ओव्हन १६० वर ठेवते कारण गूळ लवकर करपतो आणि नाचणीचा रंग मुळातच काळपट, करपलेलं दिसत नाही, वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. पंधरा-सोळा मिनिटं लागतात. काढताना मऊच असतात, गार झाली की कडक होतात, मऊ राहिली म्हणून परत आत घालू नका. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ पसरून वर स्टँड ठेवून पण होतात, मी सुरुवातीला तशीच केली. एका घाण्यात २४ होतात.

हे सुरू केलं ते अप्पांसाठी, माझ्या वडिलांसाठी. वडगावात आमचे माग होते, दिवसभर उभं राहायचं आणि चहाबरोबर बेकरीतली खारी नाहीतर टोस्ट, ही त्यांची सवय आयुष्यभराची. आम्ही लहान असताना मे महिन्यात रवा, मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप सगळं पिशवीत घालून बेकरीत न्यायचो आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावलेला पत्र्याचा डबा भरून नानकटाई घेऊन यायचो, त्या वासाची माणसं आम्ही. मग अप्पांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी बेकरीचं बंद सांगितलं. मी नाचणी आणली, मैदा काढला, वनस्पती काढलं, साखर काढून गूळ घातला आणि डब्यावर चिठ्ठी लावली, "शुगर फ्री". माझ्या हातानं लिहिलेली चिठ्ठी. दर रविवारी टिळकवाडीतून वडगावला डबा जायला लागला. आणि मी त्यांना सांगितलं, अगदी ह्याच शब्दात सांगितलं, "अप्पा, घरचं हाय, कितीपण खावा."

तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते ती टेस्ट, आधी ७.४ होती ती ९.१ आली. डॉक्टर कानडी, पण मराठी चांगलं बोलतात. त्यांनी गोळ्या विचारल्या, चालणं विचारलं, सगळं नीट होतं. मग विचारलं, "नवीन काय खायला सुरू केलाय?" अप्पा म्हणाले, "काय नाही."

मी शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही, टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत परत म्हणाले, "काय नाही हो, भाकरी-भाजीच." अप्पा खोटं बोलत नाहीत. मागावरच्या माणसाचा हिशोब एक रुपयानं चुकला तर रात्री त्याच्या घरी जाऊन देणारा माणूस. आणि डॉक्टरसमोर बसून ते मला वाचवायला खोटं बोलत होते आणि मला ते कळायला मिनिट गेलं, कारण तोपर्यंत माझ्या मनात पण दुसरंच काहीतरी चाललं होतं, की वहिनी भात जास्त वाढत असेल. खरंच हेच मनात आलं. मग मीच सांगितलं, डॉक्टर, मी बिस्किटं देते, नाचणीची, गुळाची. ते म्हणाले, दिवसाला किती? अप्पा गप्प. नंतर हळूच म्हणाले, "आठ. कधी दहा."

डॉक्टर रागावले नाहीत. लिहिता लिहिता एवढंच म्हणाले, "सक्री आदरेनु, बेल्ला आदरेनु, एल्ला ओंदे री." साखर काय नि गूळ काय, सगळं एकच. रिक्षात अप्पा म्हणाले, "तू एवढं करून पाठवतीस, नको कसं म्हणू?" घरी आल्यावर भावानं विचारलं काय झालं, आणि वहिनीसमोर मला सांगता आलं नाही.

त्या रात्री मी वजनकाटा घेऊन बसले. एका बिस्किटात साधारण चार ग्रॅम गूळ, चार ग्रॅम तूप, नऊ ग्रॅम पीठ. आठ बिस्किटं म्हणजे सहा-सात चमचे गूळ आणि वर जवळजवळ दीड भाकरीचं पीठ, आणि हे जेवण सोडून. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, ते खरं आहे, पण कॅल्शियम असलं म्हणून त्यातला स्टार्च कुठे जात नाही. हा हिशोब तीन महिने आधी करायला मला कोणी अडवलं होतं?

आता माझी बाजू पण ऐका. मी वाईट काही घातलं नव्हतं. माझी लेक शाळेतून आली की दोन खाते आणि खेळायला जाते, तिला ती चांगलीच आहेत, विकतच्या क्रीमच्या बिस्किटापेक्षा शंभर पटीनं चांगली, हे मी अजून म्हणते. वनस्पती तुपाबद्दल पण मी खूप बोलायची, पण त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला वाईट त्या चरबीवर, २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आलीय, म्हणजे तो मुद्दा पण आता पूर्वीइतका राहिला नाही. चूक कुठे झाली? मी "बेकरीपेक्षा बरं" म्हणायच्या जागी "कितीपण" म्हटलं. की चूक त्याच्याही आधी झाली, अप्पांना गोड सोडायला सांगायचं धाडस नव्हतं म्हणून मी गोडाचं नाव बदललं? मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर गूळ काढून खजूर घालून बघितला, तो पण गोडच, साखर त्यातही असतेच. गूळ निम्मा करून बघितला तर नीट बांधली जात नाहीत, आणि अप्पा म्हणाले, "हे औषध वाटतंय ग." बिनगोडाची, जिरं-ओवा घातलेली केली, ती त्यांना आवडली, पण पीठ आणि तूप आहेच, म्हणजे ती पण मोजूनच.

आता डबा जात नाही. रविवारी जाताना दोनच बिस्किटं कागदात गुंडाळून नेते, मी समोर असताना खातात, त्यादिवशी एक भाकरी कमी. हे डॉक्टरांना विचारून ठरवलंय आणि फक्त अप्पांसाठी ठरवलंय, म्हणून काकू, तुमच्या काकांना चालतील का हे मी सांगणार नाही, माझ्यावर चिडलात तरी नाही. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे. त्या दिवशी बिस्किटात काय काय आणि किती ग्रॅम हे सगळं एका कागदावर लिहून बरोबर नेणार आहे.