आत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस आणि चारचा चहा

पुणे, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, रात्रीचे साडेदहा

आज आत्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. गेले दोन महिने घरात एकाच गोष्टीची चर्चा चालू होती, ती म्हणजे कार्यालय घ्यायचे की एखाद्या हॉटेलात रात्रीचे जेवण द्यायचे. शेवटी आत्यालाच विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, माझ्या मैत्रिणींना अंधार पडल्यावर बाहेर पडवत नाही. त्या येणार नसतील तर मी कोणासाठी जेवू?" हे आम्हाला कोणाला आधी सुचले नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते. तिच्या सात मैत्रिणींपैकी सर्वांत लहान एकाहत्तर वर्षांची आणि सर्वांत मोठी त्र्याऐंशी वर्षांची. दोघींचे गुडघे बदललेले आहेत, तिघींना मधुमेह आहे आणि एकीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाल्याने समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तिला सहन होत नाहीत. अशा माणसांना रात्री साडेआठला जेवायला बोलावणे म्हणजे येऊ नका असे सांगण्यासारखेच होते.

म्हणून दुपारच्या चहाचे ठरले. साडेबाराला जेवून, थोडी वामकुक्षी घेऊन चारच्या सुमारास या बायकांचा चेहरा जसा ताजा असतो तसा दिवसाच्या दुसऱ्या कोणत्याही वेळी नसतो, हे मी आत्याकडे बघून पुष्कळ वर्षे जाणते. चारला यायचे आणि उजेड आहे तोवर घरी पोहोचायचे, एवढी एक गोष्ट पक्की केली आणि बाकी सगळी तयारी तिच्याभोवती आखली.

मी जो बेत केला तो इंग्रजी पद्धतीचा होता, कारण नोकरीत असताना एका मोठ्या हॉटेलात आत्याने तो एकदा लांबून पाहिला होता आणि त्या तीनमजली तबकाचे वर्णन ती आम्हाला लहानपणी करत असे. या प्रथेचे श्रेय बेडफर्डची डचेस ॲना हिला दिले जाते. १८४० च्या सुमारास इंग्लंडमधील उमरावांचे रात्रीचे जेवण आठपर्यंत लांबत चालले होते आणि दुपारच्या हलक्या खाण्यानंतर तोवर पोटात आग पडे, म्हणून ती आपल्या खोलीत चहा, पाव आणि लोणी मागवू लागली आणि पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागली, असे सांगतात. मुळात ही भुकेची सोय होती. आपल्याकडे 'मधल्या वेळचे खाणे' हा शब्द ज्या गरजेतून आला तीच ही गरज आहे, त्यामुळे परक्या घरातली रीत उसनी आणल्यासारखे मला कुठेही वाटले नाही.

येथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण आमच्या घरातही ती चुकीची बोलली जात होती. आपल्याकडे लग्नाच्या आणि समारंभाच्या पत्रिकांवर 'हाय टी' असे मोठ्या थाटाने छापतात, पण इंग्लंडमध्ये हाय टी म्हणजे कामगारवर्गाचे, दिवसभराच्या श्रमानंतर जेवणाच्या टेबलावर बसून केलेले संध्याकाळचे पोटभर खाणे. दिवाणखान्यात, ठेंगण्या मेजावर मांडतात तो 'आफ्टरनून टी' निराळा. ठेंगण्या मेजाचा तो दंडक मात्र मी जाणूनबुजून मोडला. आमच्या सोफ्यावर एकदा बसले की बदललेल्या गुडघ्यांना उठणे कठीण जाते, म्हणून हाताच्या खुर्च्या जेवणाच्या टेबलाभोवती लावल्या आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून त्यासारख्याच आणखी दोन आणल्या.

खाण्याची तयारी गुरुवारपासून चालू होती. काकडीच्या सँडविचची रीत इंग्रजांची असली तरी त्यातली अडचण आपल्या सुगरणींना खमंग काकडीमुळे चांगली ठाऊक आहे. मीठ लागले की काकडी पाणी सोडते. म्हणून काकडी चोचवण्याऐवजी कागदासारख्या पातळ चकत्या केल्या, त्यांना मीठ लावून चाळणीत वीस मिनिटे ठेवले, स्वच्छ फडक्यावर टिपल्या आणि पावाच्या दोन्ही बाजूंना कडेपर्यंत लोणी लावले, कारण लोण्याचा थर असला की पाणी पावात मुरत नाही. अर्ध्या सँडविचमध्ये काकडी आणि अर्ध्यांमध्ये कोथिंबीर-पुदिन्याची चटणी घातली. कडा काढून बोटाएवढ्या लांबट पट्ट्या कापल्या आणि ओलसर मलमलीखाली झाकून ठेवल्या. कडांचे तुकडे वाया घालवले नाहीत, उद्या त्यांचा फोडणीचा पाव होईल.

स्कोन, म्हणजे इंग्रजांचे छोटे, खुसखुशीत गोल पाव, मात्र पहिल्या खेपेला बिघडले. मैद्यात थंड लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी चुरायचे आणि दूध घातल्यावर गोळा जेमतेम एकत्र आणून थांबायचे, हे मी वाचले होते, पण आयुष्यभर कणीक मळलेले हात थांबेनात आणि मी तो गोळा चांगला मळून टाकला. मळल्याने मैद्याला चिवटपणा येतो. गुरुवारचे स्कोन फुगलेही नाहीत आणि दाताने तुटतही नव्हते. शनिवारी पुन्हा केले तेव्हा गोळा फुटका-तुटका दिसत असतानाच थापला, वाटीने कापला आणि २२० अंशांवर तेरा मिनिटे भाजला. दोन बोटे उंच फुगलेले आणि मधोमध आपोआप भेगलेले स्कोन ओव्हनमधून काढताना मला जो आनंद झाला तो पहिली पुरणपोळी न फाटता तव्यावर टाकली तेव्हा झाला होता.

त्यांच्यासोबत लागते ती घट्ट, दाणेदार 'क्लॉटेड क्रीम' नावाची साय. ती मंद आचेवर तापवून निवू दिलेल्या दुधावरच धरते, म्हणजे आपल्या सायीची ती सख्खी बहीणच. म्हशीचे दूध न ढवळता तापवले, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले आणि दोन दिवसांची जाड साय हलक्या हाताने एकत्र केली. मुरांबा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा, घरीच केलेला. फेब्रुवारी हा तिचा ऐन हंगाम आहे. डेव्हन परगण्यात आधी साय आणि वर मुरांबा लावतात आणि कॉर्नवॉलमध्ये आधी मुरांबा आणि वर साय, यावरून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे. आज आमच्या टेबलावर आठजणींचे मत कॉर्नवॉलच्या बाजूने पडले, कारण साय वर असली की ती आधी जिभेला लागते.

तबकाच्या खालच्या मजल्यावर सँडविच, मधल्यावर स्कोन आणि वर गोड असा क्रम असतो, आणि खातानाही खालून वर जायचे असते. वरच्या मजल्यावर कॅम्पातून आणलेली श्रूजबेरी बिस्किटे आणि ओल्या नारळाच्या अंगठ्याएवढ्या करंज्या ठेवल्या. चकली आणि बाकरवडी मुद्दाम टाळली, कारण दातांच्या कवळ्या असलेल्या पाहुण्यांपुढे कडक पदार्थ ठेवले की त्यांना नाही म्हणताना संकोच होतो. सगळे पदार्थ दोन घासांचे असण्याचा मोठा गुण मला आज कळला. मधुमेह असलेल्या तिघींनी एकेक करंजी खाल्ली आणि त्यांना कोणापुढे कसला हिशेब द्यावा लागला नाही.

चहा दार्जिलिंगचा, दुसऱ्या बहराचा, म्हणजे मे-जून महिन्यांत खुडलेला. आपल्या रोजच्या चहाची दाणेदार पावडर पाने चिरडून, फाडून आणि वळवून केलेली असते, ती उकळीला आणि दुधाला पुरून उरते. दार्जिलिंगची अख्खी वळलेली पाने पातेल्यात उकळली तर सुगंध उडून जातो आणि नुसता तुरटपणा मागे राहतो. पाण्याचाही विचार करावा लागतो. आमच्या सोसायटीतल्या बोअरचे पाणी जड आहे, त्यात केलेल्या कोऱ्या चहावर तवंग येतो, म्हणून सकाळी नळाला आलेले कॉर्पोरेशनचे पाणी वेगळे भरून ठेवले. दीडशे मिलिलिटरच्या कपाला दोन ग्रॅम पाने, उकळी येऊन जरा शांत झालेले पाणी आणि बरोबर तीन मिनिटे. ज्यांना तो रुचणार नाही त्यांच्यासाठी आले घालून आपला दुधाचा चहा स्वयंपाकघरात तयार ठेवला होता. घरी आलेल्या माणसाला त्याच्या आवडीचा चहा न मिळणे मला पटत नाही.

एक चूक मात्र शुक्रवारीच लक्षात आली म्हणून निभावली. आईच्या लग्नातला चिनी मातीचा पातळ संच मी माळ्यावरून काढून, धुऊन, पुसून मांडला होता आणि त्याच्याकडे बघत समाधानाने बसले होते. तेवढ्यात आत्या आली आणि तिने एक कप सहज उचलून पाहिला. तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे पेर संधिवाताने सुपारीएवढे सुजलेले आहे आणि कपाचा कान इतका नाजूक की ते बोट त्यातून जाईना. तिने काही न बोलता कप दोन्ही तळव्यांत धरला आणि पुन्हा बशीवर ठेवला. त्या रिकाम्या कपाला तो हात चालला, पण गरम चहाने भरलेल्या कपाला चालला नसता. संध्याकाळीच मंडईकडे जाऊन रुंद कानाचे, साधे पांढरे आठ कप घेऊन आले. बश्या आईच्या संचातल्या ठेवल्या. आणि ओतताना कप अर्धाच भरायचा, पुन्हा पुन्हा विचारून वाढायचे, असे ठरवले, म्हणजे हातावर भार येत नाही आणि चहा गरमही राहतो.

चारला पाच मिनिटे असताना सगळ्याजणी हजर होत्या. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायला आत्याने आधीच बजावून नकार दिला होता, म्हणून एका निरांजनाने औक्षण केले आणि त्र्याऐंशी वर्षांच्या मावशींनी तिच्या कपाळाला कुंकू लावले. मग मी किटलीत पाणी ओतले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागले. सगळ्या गप्पांत रंगल्या होत्या. आत्या मैत्रिणीच्या नातसुनेची चौकशी करत होती, आणि बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, अगदी सपाट आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "तीन मिनिटं झाली." माझ्या घड्याळातही तेव्हाच झाली होती.

टेबलाभोवती क्षणभर शांतता पसरली आणि मग सगळ्या एकदम हसल्या. या आठहीजणी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घेतलेला बाहेरगावचा फोन, तीन मिनिटांच्या हिशेबाने आकारला जाई आणि वेळ भरली की ऑपरेटरने मध्ये येऊन तसे सांगायचे असे. त्या तीन शब्दांनी त्यांची बैठक उघडली. कानाला हेडफोन लावून खुर्च्यांच्या रांगेत बसणे, रात्रपाळी, लागत नसलेले कॉल, निधनाची बातमी देणाऱ्या माणसाचे बोलणे तोडताना गळ्याशी येणारा आवंढा. एकीने सांगितले की अशा वेळी ती घड्याळाकडे पाहायचेच विसरत असे. आत्या म्हणाली, "मीही." इतकी वर्षे ओळखत असून मी हे तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

पाचजणींनी दार्जिलिंग चहा घेतला, तिघींनी आल्याचा. सँडविच सर्वांत आधी संपले. सहा वाजता मोतीबिंदूवाल्या मावशींनी खिडकीबाहेर पाहिले, तेव्हा मी न विचारता रिक्षा बोलावल्या. बाहेर अजून चांगले ऊन होते. आत्या प्रत्येकीबरोबर फाटकापर्यंत गेली आणि चालकाला सहकारनगरचा, बिबवेवाडीचा, पौड रस्त्याचा पत्ता दोनदा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितला.

शेवटची रिक्षा वळली तेव्हा तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "तो इंग्रजी चहा छानच होता हं. पण आता आपला, आल्याचा, अर्धा कप होईल का गं?" मी पातेले पुन्हा गॅसवर चढवले आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरातच बसलो.