गर्भपातविरोधी चळवळ आणि राज्य विधिमंडळांच्या निवडणुका

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणारा १९७३चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल रद्द केला आणि गर्भपाताचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. तेव्हापासून तेथील राज्य विधिमंडळांच्या निवडणुकांना विलक्षण महत्त्व आले आहे. माझ्या मते गर्भपातविरोधी संघटनांचे बळ अंतिम लढतीपेक्षा पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत अधिक जाणवते, कारण तेथे मतदान कमी होते आणि घरोघर फिरून जमवलेली निष्ठावान मते निर्णायक ठरतात. दक्षिण कॅरोलिनात २०२३ मध्ये जवळजवळ संपूर्ण बंदीचे विधेयक अडवणाऱ्या कॅटरिना शीली, पेन्री गुस्ताफसन आणि सँडी सेन या राज्य विधिमंडळातील तिन्ही रिपब्लिकन सेनेटर २०२४ मध्ये उमेदवारीच्या लढतीतच पराभूत झाल्या. त्यांपैकी शीली आणि गुस्ताफसन स्वतःला गर्भपाताच्या विरोधकच मानत होत्या, आणि एवढ्या मतभेदालाही जागा उरू नये, याचे मला मनापासून दुःख वाटते. सर्वसाधारण मतदारांसमोर मात्र चित्र पालटते: कॅन्ससने ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेणारी दुरुस्ती सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळली, तर व्हर्जिनियात गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी गर्भपातावर गर्भधारणेच्या पंधरा आठवड्यांच्या मर्यादेचा प्रस्ताव पुढे केल्यानंतर २०२३ मध्ये त्यांच्या रिपब्लिकन पक्षाने राज्याच्या प्रतिनिधिगृहातील बहुमत गमावले.